लखनौ मुक्कामी फ्रेजल व्हर्ब : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सुरुवातीलाच एक खुलासा. या मार्गदर्शिकेतलं महानगर म्हणजे मुंबई नव्हे, पुणे तर नव्हेच. लखनौत गोमतीच्या उत्तर अंगाला, निशातगंज आणि अलीगंज यांच्या शेजारी, महानगर याच नावाचा एक मोहल्ला आहे. त्यात गोल मार्केट आहे, पीएसी या सशस्त्र पोलीस दलाची ३५ वी वाहिनी आहे आणि बादशाहनगरचं स्टेशन जवळच आहे. गावाकडे फोनवर पत्ता सांगितला की पलीकडून हमखास प्रश्न येतो, "ते कळलं रे, पण कुठल्या महानगरात?"

इथे मराठी माणूस बदलीने येतो, लग्नाने येतो, नाहीतर कैसरबागेतल्या भातखंडे विद्यापीठात गाणं शिकायला येतो. नदीपलीकडे चौकातल्या सराफ्यात सांगली जिल्ह्यातली, सोनं आटवणारी गलाईवाली मंडळीही आहेत. यांपैकी कुणाचाही हिंदीचा प्रश्न महिन्याभरात सुटतो. भाजीवाल्यालाही 'आप' म्हणायचं आणि 'मेरेको' गावी ठेवून यायचं, एवढं जमलं की लखनौ सांभाळून घेतं. अडतं ते इंग्रजीत.

कारण आपलं इंग्रजी कष्टाचं असतं. आजोबांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली, वडिलांनी रेन अँड मार्टिन, आणि आपण त्या दोन्हींच्या बांधणी सुटलेल्या प्रती. (या रेनसाहेबांबद्दल जाता जाता: पी. सी. रेन भारतातल्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि १९२४ साली त्यांची 'बो जेस्ट' ही कादंबरी आली. तीत तिघे भाऊ घर सोडून फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये भरती होतात. व्याकरणाच्या माणसाला हे कथानक का सुचलं असेल, ते कुठल्याही व्याकरणाच्या शिक्षकाला विचारू नये.) या वाटेने आलेल्या माणसाला पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट हे शब्द आईच्या माहेरचे वाटतात. एक्स्टिंग्विशचं स्पेलिंग तो झोपेतही सांगतो. पण घरी, बाजारात, चहाच्या टपरीवर इंग्रजी बोलणारे बोलतात ते पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इन्टू, पुट आऊट. तिथे आपला माणूस बाहेर नक्की काय ठेवायचंय ते शोधत उभा राहतो.

ही मार्गदर्शिका त्याच्यासाठी.

लागणारं साहित्य

एक दोनशे पानी वही. एक शिसपेन्सिल, कारण अर्थ खोडावे लागतात. 'हजार फ्रेजल व्हर्ब, अर्थासह' अशा नावाचं एखादं पुस्तक भेट मिळालेलं असेलच. त्याला खाकी कव्हर घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवावं आणि भाच्याच्या मुंजीत द्यावं. अशी पुस्तकं अकारविल्हे असतात, त्यामुळे शिकणारा ब्रेक डाऊन, ब्रेक इन, ब्रेक आऊट इथपर्यंत जोरात जातो आणि सीच्या पानावर त्याची बदली होते. ब्रेकची सगळी नातवंडं ओळखणारे पण टर्न डाऊन म्हटल्यावर खाली बघणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

कपूरथला आणि निशातगंज भागात 'फर्राटेदार अंग्रेजी'च्या पाट्या दिसतील. जायला हरकत नाही. फर्राटा मिळतो. फ्रेजल व्हर्ब मात्र फर्राट्यात पहिली गळून पडते.

आणि थोडा धीर. हा त्रास तुम्हालाच होतो असं नाही. १७५५ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सनने इंग्रजीचा कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने मान्य केलं की क्रियापदामागे एखादा बारका शब्द लावून अर्थ भलतीकडे नेण्याची ही पद्धत परक्या माणसाला सगळ्यांत जड जाते. एवढं मान्य करून त्याने अशी क्रियापदं काळजीने टिपलीही. या प्रकाराला 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ व्हायला १९२५ साल उजाडलं, लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या पुस्तकामुळे. म्हणजे तक्रार नोंदवल्यापासून बारसं व्हायला १७० वर्षं. लखनौच्या कचेरीतही इतका वेळ लागत नाही.

त्या बारक्या शब्दाला, म्हणजे अप, आऊट, ऑफ, ऑन, डाऊन वगैरेंना, आपण यापुढे शेपूट म्हणू. विद्वान दुसरं काही म्हणतात.

धडा पहिला: तुम्ही कुठे पुट अप आहात?

कामावरचा पहिला दिवस. साहेब चहा मागवतात, दोन मिनिटं उकाड्यावर बोलतात, मग आपुलकीने विचारतात, "सो, व्हेअर आर यू पुट अप?" नवशिक्याच्या डोळ्यांपुढे फाइल येते. कारण मुंबईचं मंत्रालय असो की लखनौचं सचिवालय, सरकारी कचेरीत पुटअप होते ती फाइल. खालचा बाबू ती वर ठेवतो, वरचा 'प्लीज स्पीक' असा शेरा मारून खाली पाठवतो, बाबू जाऊन स्पीक करतो, ती पुन्हा पुटअप होते. आपल्याला कुणी कुणापुढे पुटअप केलं असेल या विचारात नवशिका गप्प बसतो आणि साहेबांना वाटतं, बिचाऱ्याला घर मिळालेलं नाही.

गप्प बसू नये. प्रश्नाचा अर्थ 'राहायला कुठे?' एवढाच आहे. उत्तर द्यावं, "महानगर, सर. निअर गोल मार्केट." त्यावर "कभी तशरीफ लाइए" असं जोडलं तर साहेब येत नाहीत, पण खूश होतात.

इंग्लंडातल्या माणसाच्या तोंडी पुट अप म्हणजे कुणाकडे तरी चार रात्री पाहुणा म्हणून टेकणं. आपल्याकडे माणूस स्वतः बांधलेल्या घरात तीस वर्षं पुट अप राहू शकतो. त्याच क्रियापदाला आणखी एक शेपूट लागलं की होतं पुट अप विथ, म्हणजे सोसणं, चालवून घेणं. या दोन्हींची गल्लत होत असेल तर वहीत पहिल्या पानावर लिहावं: आपल्याकडे पुट अप झालेला पाहुणा चौथ्या दिवसापासून पुट अप विथ होतो.

एक सावधगिरी. लखनौत तुमची चूक कुणी दुरुस्त करणार नाही. पुण्यात चुकलात तर शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस मिसळ सोडून दुरुस्त करायला येईल. इथे ऐकणारा मान डोलावून "वाह, क्या बात है" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सबंध खात्याला ती बात सांगतो. तेव्हा दाद मिळाली म्हणून वाक्य बरोबर होतं, असं धरून चालू नये.

धडा दुसरा: थाट

हा धडा मोठा आहे, आणि याला मराठी माणसाचा लखनौशी असलेला एक जुना धागा कामी येतो.

विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने मुंबईचे वकील. हिंदुस्तानी संगीत त्यांच्या काळी घराण्याघराण्यांत पसरलेलं होतं. एकच राग इथे एक, तिथे दुसरा. भातखंड्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून चिजा गोळा केल्या आणि रागांची सगळी गर्दी दहा थाटांत लावली: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' हा आपला मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, आणि तोही गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झालं, त्यामागेही तेच. गव्हर्नर मॅरिस यांचं नाव पुढे गेलं आणि आज तिथे भातखंड्यांचं नाव आहे.

फ्रेजल व्हर्बांना असा भातखंडे भेटायला हवा होता. तो भेटेपर्यंत काम भागवण्यासाठी एक युक्ती सांगतो. सगळे जण क्रियापद धरून बसतात: गेटची यादी, टेकची यादी, पुटची यादी. ती सोडा आणि शेपटावरून थाट लावा. १९८९ साली निघालेल्या कोलिन्स कोबिल्डच्या फ्रेजल व्हर्ब कोशात मागे अशी शेपटांची सूची आहेच. आपला फायदा मात्र तिथे कुणी सांगितलेला नाही. तो असा की हे थाट आपल्याला मराठीत लहानपणापासून येतात. इंग्रजी क्रियापदामागे शेपूट लावते आणि आपण दुसरं क्रियापद लावतो: टाकणे, काढणे, ठेवणे, पाडणे, राहणे, देणे, घेणे, बसणे. 'खाणे' आणि 'खाऊन टाकणे' यांतला फरक पहिलीतल्या पोरालाही समजतो. तो समजतो तर ईट आणि ईट अप यांतलाही समजायला हवा.

अप थाट. याचा मराठी जोडीदार 'टाकणे'. ईट अप, खाऊन टाक. ड्रिंक अप, पिऊन टाक. यूज अप, वापरून टाक. काम तळापर्यंत गेलं पाहिजे, ताटात काही उरता कामा नये. भारतीय माणसाला हा थाट इतका आवडतो की तो नको तिथेही गातो: "आय कान्ट कोप अप विथ द हीट." कोपला शेपूट नाही. लखनौचा मे महिना सोसताना ते उगवल्यासारखं वाटतं हे खरं, पण लावू नये.

आऊट थाट. जोडीदार 'काढणे', आणि ही जोडी अगदी चपखल. फाइंड आऊट, शोधून काढणे. राइट आऊट, लिहून काढणे. ड्राइव्ह आऊट, हाकलून काढणे. गुंतलेले केस कोम्ब आऊट करतात, म्हणजे विंचरून काढतात. शेवटचं उदाहरण तर मला शंभर याद्यांपेक्षा मोलाचं वाटतं. कंगवा हातात घेतलेल्या कुठल्याही आईला ते समजावून सांगावं लागत नाही.

डाऊन थाटात दोन जोडीदार आहेत. कागदाशी काम असेल तर 'ठेवणे': राइट डाऊन, लिहून ठेव, नोट डाऊन, टिपून ठेव. माणसांशी किंवा भिंतीशी काम असेल तर 'पाडणे': पुल डाऊन, पाडून टाकणे, सभेत एखाद्याची सूचना शूट डाऊन करणे, म्हणजे हाणून पाडणे. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला एकदा जाऊन यावं, हा सबंध थाट एका संध्याकाळी तयार होतो.

ऑन थाट 'राहणे'चा. रीड ऑन, वाचत राहा. कॅरी ऑन, चालू दे. पाहुण्यांचं भाषण ऑन अँड ऑन.

ऑफ थाटाला मी मिश्र म्हणेन. कट ऑफ, ब्रेक ऑफ यांत तोडणं आहे, लेट ऑफमध्ये सोडून देणं. लाफ ऑफ म्हणजे हसण्यावारी नेणं, आणि डॅश ऑफ म्हणजे एका बैठकीत लिहून टाकणं. टेक ऑफचं तर विचारू नये. बूट काढले तरी टेक ऑफ, विमान उडालं तरी टेक ऑफ, साहेबांची नक्कल केली तरी टेक ऑफ, आणि ती साहेबांनी पाहिली तर दोन दिवसांची रजाही टेक ऑफच.

इथवर आल्यावर नवशिक्याला वाटतं, जिंकलं. मग कुणीतरी म्हणतं, "हिअर मी आऊट." आऊट म्हणजे काढणे, मग 'ऐकून काढणे'? नाही, इथे तो 'घेणे' आहे: "माझं पूर्ण ऐकून तर घ्या." मग येतं ब्रिंग अप. मूल वाढवलं, ब्रिंग अप. जेवताना नको तो विषय काढला, ब्रिंग अप. त्या विषयाने पोट ढवळून जेवण उलटलं, तेही ब्रिंग अप. गिव्ह अप, थ्रो अप, मेक अप हे असेच थाटाबाहेरचे. यात निराश होण्यासारखं काही नाही. पटदीप आणि मधुवंतीलाही दहांतला एकही थाट नीट बसत नाही, म्हणून कुणी पटदीप गायचं थांबलेलं नाही. असे उपद्रवी शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावेत आणि एकेक करून, जसे अंगावर येतील तसे, शिकावेत. थाट म्हणजे राग नव्हे, हे भातखंड्यांच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी सांगतात. तेच इथे.

धडा तिसरा, छोटा: 'हिम' कुठे बसतो?

चारबाग स्टेशनवर पाहुण्याला आणायला जायचंय. "पिक अप हिम" म्हटलं तर पाहुणा मिळतो, इंग्रजी मिळत नाही. पिक हिम अप. नाव असेल तर दोन्ही चालतं: पिक अप युअर अंकल, पिक युअर अंकल अप. पण हिम, हर, इट, देम हे किरकोळ लोक मधेच बसतात. मात्र लुक आफ्टर हिम म्हणताना हाच हिम शेवटी जातो. कधी मधे आणि कधी शेवटी?

कानाने ओळखावं. पिक हिम अप म्हणताना आघात अपवर पडतो, सम तिथे आहे. लुक आफ्टर हिममध्ये जोर लुकवर आहे, आफ्टर नुसता वाहत जातो. शेपटावर जोर आला की सर्वनाम मधे आणि नाही आला की मागे. हा नियम बहुतेक वेळा टिकतो, आणि इंग्रजीत बहुतेक वेळा टिकणारा नियम म्हणजे चैन आहे.

धडा चौथा: आपले, म्हणजे देशी

"मी २०१२ साली लखनौ विद्यापीठातून पासआउट झालो." इथे कुणाची भुवई हलणार नाही. लंडनमध्ये ऐकणारा हळहळेल, कारण त्याच्या लेखी तुम्ही विद्यापीठात बेशुद्ध पडला होतात. सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या पासिंग आउट परेडचा अर्थ त्यालाही मान्य आहे. कॉलेजला तो आपण लावला. तसंच प्रीपोन. पोस्टपोन येत होतं, त्याचा उलटा शब्द हवा होता, आपण तो रुळवला. इंग्रज त्यासाठी ब्रिंग फॉरवर्ड म्हणतात. प्रीपोन लहान आहे, नेमका आहे, आणि मला तो जास्त आवडतो.

माझं मत विचाराल तर पुट अप, पासआउट, प्रीपोन यांना देशात बिनधास्त वापरावं. ती चूक नव्हे, इथली वहिवाट आहे. फक्त विमानात बसताना तिघांनाही सामानात टाकावं. कोप अपचं मात्र समर्थन मी करणार नाही. आणि "ही इज नॉट पिकिंग माय कॉल" हेही नाही; फोन उचलताना अप लागतोच. गंमत अशी की आपण कोपला फुकटचा अप देतो आणि पिकचा हक्काचा अप काढून घेतो, त्यामुळे देशातल्या एकूण अपांची संख्या कायम राहते.

शाळेचं इंग्रजी हा आणखी एक देशी प्रांत. पालकसभेत बाई सांगतात, "ही मस्ट बक अप. ही मस्ट पुल अप हिज सॉक्स." म्हणजे पोराने अभ्यासाचं मनावर घ्यावं. अशा सभेला गावाहून आलेल्या आजींना नेऊ नये. त्या मोजे तपासतात, ते वरच असतात, आणि मग आजी बाईंशी भांडतात.

धडा पाचवा: वाक्प्रचार कुठून आणावेत

शाळेत आपल्याला पाऊस शिकवला तो मांजर-कुत्र्यांचा. तो वाक्प्रचार निबंधात मार्क मिळवून देतो, याखेरीज त्याचा उपयोग मला दिसलेला नाही. बोलताना आज तो फारसं कुणी वापरत नाही. वाक्प्रचार पाठ करू नयेत. ज्या धंद्यातून ते निघाले तो धंदा बघून यावा.

त्यासाठी गोमती ओलांडून चौकात जावं. सराफ्यात एखाद्या माडीवर विट्याकडचा गलाईवाला बसलेला असतो. खानापूर, आटपाडी, तासगाव हा सगळा दुष्काळी पट्टा; तिथली माणसं पाऊस नाही म्हणून निघाली आणि देशभरच्या सराफ बाजारांत सोन्याच्या आटणीला लागली. जुना दागिना येतो, मुशीत वितळतो, तेजाबात घालतात, हिणकस विरघळून जातं आणि सोनं तसंच राहतं, मग त्याची लगड होते. खोली लहान, वास उग्र, पंखा असून नसल्यासारखा. कसोटीच्या काळ्या दगडावर एक बारीक पिवळी रेघ ओढतात, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडतात आणि रेघ राहते की जाते ते बघतात. बघायला एक क्षण पुरतो.

हीच अॅसिड टेस्ट. वर्तमानपत्रात 'सरकारची अॅसिड टेस्ट' म्हणून रोज येते ती इथून निघाली. तो काळा दगड म्हणजे टचस्टोन. दागिन्यावरचा हॉलमार्क लंडनमधल्या सोनारांच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरून आला. आणि तावून सुलाखून निघणं, कसाला लागणं, मुशीतून जाणं हे आपले शब्दही त्याच खोलीतले. गलाईवाल्याचा मुलगा आता लखनौत इंग्रजी शाळेत जातो. त्याला 'मीनिंग अँड यूसेज'च्या पुस्तकात अॅसिड टेस्टचा अर्थ पाठ करावा लागत असेल, तर त्याने एक दिवस शाळा बुडवून वडिलांच्या शेजारी बसावं. ही या मार्गदर्शिकेतली एकमेव गंभीर सूचना आहे.

उलटा धडा: इंग्रजासाठी

आपलीच फजिती होते असं नाही, याचा पुरावा जवळ ठेवावा. मोल्सवर्थ साहेबाने मराठीचा कोश केला, पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली १८५७ ची. त्यात 'लागणें' उघडून बघा. अर्थांची रांग लागलेली दिसेल. भूक लागते, दार लागतं, डोळा लागतो, वेळ लागतो, पोर नोकरीला लागतं, कुणाच्या नादी लागतं, मग त्याची वाट लागते. चारबागला गाडी लागते तेव्हा लोक सामान उचलतात. आंबोलीच्या घाटात गाडी लागते तेव्हा लिंबू शोधतात. एखादा इंग्रज तुम्हाला गेट शिकवू लागला तर त्याला अदबीने 'अंगावर येणे', 'अंगात येणे' आणि 'अंगाशी येणे' यांतला फरक विचारावा. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात देवी आणि तिसऱ्यात पोलीस.

दारातला प्रसंग

बादशाहनगरच्या मेट्रोत एखादे सद्गृहस्थ दरवाज्याशी थबकून हात पुढे करतात आणि म्हणतात, "आफ्टर यू." आफ्टर म्हणजे नंतर, हे आपण पाचवीत शिकलो. नवशिक्याला वाटतं, हे आपल्याला नंतर यायला सांगताहेत. तो मागे सरकतो. ते आणखी झुकतात. तो आणखी सरकतो. वास्तविक आफ्टर यू म्हणजे 'तुमच्यानंतर मी', थोडक्यात पहले आप. 'पहले आप' करत गाडी चुकवणाऱ्या दोन नवाबांची गोष्ट लखनौला आलेल्या प्रत्येकाला सांगितली जाते; मेट्रोचे दरवाजे तर कुणाची वाट न पाहता लागतात. आफ्टर यू ऐकलं की थँक यू म्हणून आत शिरावं.

शेवटचा धडा: बसणे

आपल्या जोडीदार क्रियापदांपैकी एक मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. बोलून बसणे, विसरून बसणे, कबूल करून बसणे. जे करायला नको होतं ते करून झाल्यावर येणारं हे 'बसणे'. इंग्रजीच्या शेपटांत ते शोधू नये, मिळणार नाही. इंग्रजी हे काम पुढून करते, गो अँड लावून. "व्हॉट हॅव यू गॉन अँड डन?" म्हणजे "हे काय करून बसलास?" ही जोडी पुस्तकांत कुठे ठळक दिसत नाही, पण बोलण्यात पदोपदी येते. तेव्हा ती वहीत पेनाने लिहायला हरकत नाही.

एक जोडी मात्र अजून लागलेली नाही, आणि तिच्यासाठी वाचकांना विनंती आहे. "मला उशीर होईल, तू जेवून घे." रोज रात्री घराघरांतून हे वाक्य फोनवर जातं. यातल्या 'घे'ला चपखल बसणारं इंग्रजी शेपूट कुणाला माहीत असेल तर अवश्य कळवावं. 'गो अहेड अँड ईट' अनेकांनी सुचवून झालं आहे. ती नुसती परवानगी झाली. ते चालणार नाही.